घरी मीड (मध आंबवून केलेलं मद्य) करताना आंबणं संपलं हे कसं ओळखायचं?

बुडबुड्यांवर विसंबू नका, निदान आपल्या मराठवाड्यात तरी. तुमच्या बरणीतले बुडबुडे सकाळी थांबतात आणि दुपारी पुन्हा सुरू होतात, असं तुम्ही लिहिलंय. उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडे चाळिशी गाठलेला पारा पहाटे बराच उतरतो. द्रव तापला की त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी, पाणी भरलेली नळी) गुडगुडतो, यीस्ट केव्हाच थांबलेलं असलं तरी. पहाटे उलट एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं.

साखर किती उरली ते हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारी काचेची नळी, सांगतो; साध्या पाण्याचा आकडा १.०००. एक किलो मधात पाणी घालून एकूण तीन लिटर केलं, तर सुरुवातीचा आकडा १.०९५च्या आसपास येतो. साखर पूर्ण संपली की तो १.०००च्याही थोडा खाली जातो. दोन्हींतल्या फरकाला १३१ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते. डेअरीतला लॅक्टोमीटर इथे निरुपयोगी, त्याची पट्टी फारच तोकडी. साखर कारखान्याच्या लॅबमधला ब्रिक्स (साखरेची टक्केवारी दाखवणारा) हायड्रोमीटर बऱ्यापैकी चालतो, पण त्याची पट्टी शून्याला संपते आणि कोरडी, म्हणजे साखर संपलेली, मीड त्याच्याही खाली उतरते.

नमुना आधी जोरात ढवळून गॅस काढा. नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. शिवाय हायड्रोमीटर बहुधा २० अंशांसाठी बनवलेला असतो; ३५ अंशांना आकडा साधारण ०.००४ने कमी दिसतो. आपल्याकडे हा फरक सोडून चालणार नाही. मोजलेला नमुना बरणीत परत ओतू नका, चाखून बघा.

आकडा १.०३०वर अडकला तर बहुतेक वेळा यीस्ट उपाशी असतं, कारण मधात नायट्रोजन नावालाच असतो. न्यूट्रिएंट (यीस्टचं खाद्य) सुरुवातीलाच, साखरेचा पहिला एक-तृतीयांश हिस्सा संपेपर्यंत थोडं थोडं द्यायचं. शेतातला युरिया टाका म्हणणारे भेटतील. अजिबात ऐकू नका, त्यातून इथिल कार्बामेट हे घातक रसायन तयार होऊ शकतं. उन्हाळ्यात मीड फार तापू नये म्हणून बरणीला ओलं पोतं गुंडाळा. आपली हवा कोरडी, त्यामुळे चांगला गारवा येतो.

आठवडाभराच्या अंतराने दोनदा तोच आकडा आला, आणि तो खालचा असला, तरच बाटल्या भरा. मध्येच अडकलेल्या मीडचाही आकडा हलत नाही. ती बाटलीत पुन्हा आंबू लागली तर बाटली फुटते. वरून नितळ दिसणं हाही पुरावा नव्हे.

परवान्याशिवाय मद्य बनवणं राज्याच्या १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, घरी पिण्यापुरतं असलं तरी. परवान्याची चौकशी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयात करा.