सभागृह भरते, पण ग्राहक का येत नाहीत?

लघुउद्योगांना कर्ज व खेळत्या भांडवलाबाबत सल्ला देणाऱ्या व्यावसायिकांनी कार्यशाळा आणि चर्चासत्रांविषयी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : मी कोल्हापुरात कर्ज सल्लागार आहे. ‘उद्योगांसाठी सरकारी कर्जयोजना’ या विषयावर मोफत चर्चासत्र घेतले. साठ-सत्तर जण आले, प्रतिसादही चांगला मिळाला. परंतु नंतर काम घेऊन कोणीही आले नाही. काय चुकले असावे?

उत्तर : माझ्या मते विषयाची निवड चुकली. योजनांची नावे ऐकायला येणारा माणूस आणि ज्याचा पैसा धंद्यात अडकला आहे तो माणूस, हे बहुधा वेगवेगळे असतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्री मालकाला योजनांची यादी नको असते; माल पाठवून झाला, बिल थकले आणि पगाराची तारीख तोंडावर आली, हा त्याचा प्रश्न असतो. म्हणून एकाच धंद्यातील वीस-पंचवीस मालक बोलवावेत, ‘बिल थकले असताना खेळते भांडवल कसे उभे करावे’ एवढाच विषय ठेवावा आणि येताना प्रत्येकाने गेल्या वर्षाच्या उलाढालीचा आकडा व येणे बाकीची यादी सोबत आणावी, असे निमंत्रणातच कळवावे.

कार्यशाळेत भाषण कमी आणि गणित जास्त हवे. लघुउद्योगांच्या कर्जपुरवठ्याबाबत रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या सूत्रानुसार अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या 25 टक्के रक्कम ही खेळत्या भांडवलाची गरज मानली जाते. त्यांपैकी 20 टक्के बँकेने द्यावेत आणि 5 टक्के मालकाने स्वतः घालावेत, अशी ती विभागणी आहे. म्हणजे दोन कोटींची उलाढाल अपेक्षित असेल, तर गरज 50 लाखांची, बँकेची मर्यादा 40 लाखांची आणि मालकाचे 10 लाख. हे गणित प्रत्येकाला स्वतःच्या आकड्यांवर करू द्यावे. त्यानंतर येणे बाकीच्या यादीतील 90 दिवसांपेक्षा जुनी बिले खोडायला सांगावीत, कारण बहुतेक बँका ड्रॉइंग पॉवर (म्हणजे मंजूर मर्यादेतून प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम) काढताना ती धरत नाहीत. मंजूर मर्यादा आणि प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम यांतले अंतर मालकाला तिथेच, स्वतःच्या कागदावर दिसते, आणि ज्याला ते दिसले तो सल्ला विचारल्याशिवाय राहत नाही.

याच कार्यशाळेत आयकर कायद्यातील, 1961 च्या कायद्यात 43बी(एच) या क्रमांकाने असलेली तरतूदही समजावून द्यावी. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे बिल लेखी करार नसल्यास 15 दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते केले नाही, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षापर्यंत वजा करता येत नाही. माल विकणारा व्यापारी असेल, तर मात्र त्याला हे संरक्षण लागू नाही, हेही स्पष्ट सांगावे. कर्ज न काढता पैसा मोकळा करण्याचा मार्ग जो दाखवतो, त्याच्यावर उद्योजक कर्जाच्या बाबतीतही विश्वास ठेवतो. शेवटी जाहिरात करू नये. पुढच्या आठवड्यात कारखान्यावर येऊन अर्धा तास बसण्याच्या वेळा एका तक्त्यावर लिहून ठेवाव्यात आणि ज्याला हवे त्याने नाव लिहावे.

प्रश्न : मी नाशिकमध्ये सनदी लेखापाल आहे. अशी कार्यशाळा घेणे मला चालेल का?

उत्तर : येथे सावध राहणे आवश्यक आहे. सनदी लेखापाल अधिनियम, 1949 च्या पहिल्या अनुसूचीनुसार परिपत्रक, जाहिरात किंवा वैयक्तिक संपर्काद्वारे, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे काम मागणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. त्यामुळे स्वतःच्या फर्मच्या नावाने फलक लावून काम मागणारी कार्यशाळा घेऊ नका. औद्योगिक संघटनेने आयोजित केलेल्या सत्रात विषयतज्ज्ञ म्हणून बोलणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. तरीही निमंत्रणपत्रिकेत काय छापले जाते, हे सनदी लेखापालांच्या संस्थेच्या (आयसीएआय) चालू आचारसंहितेशी ताडून पाहावे.

प्रश्न : कार्यशाळेतच मुद्रा कर्जाचे अर्ज भरून घेतले आणि त्यासाठी शुल्क आकारले, तर योग्य ठरेल का?

उत्तर : नाही. मुद्रा योजनेसाठी कोणतेही दलाल नेमलेले नाहीत, हे मुद्रा संस्थेने स्वतःच जाहीर केले आहे, आणि मंजुरीचा निर्णय बँकेचा असतो. शिशु गटात 50 हजार, किशोरमध्ये पाच लाख, तरुणमध्ये दहा लाख आणि तरुणचे आधीचे कर्ज फेडलेल्यांना तरुण प्लसमध्ये 20 लाखांपर्यंत कर्ज मिळते, एवढी माहिती जरूर द्यावी. परंतु मंजुरीची हमी देऊन पैसे घेणे ही गरजू माणसाची फसवणूक आहे. आधार-पॅनच्या प्रतीही सभागृहात गोळा करू नयेत.

प्रश्न : मला बँकेकडून कमिशन मिळते. हे उपस्थितांना सांगावे का?

उत्तर : सांगावे, आणि सुरुवातीलाच सांगावे. 1 ऑक्टोबर 2024 पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठीही कर्जदाराला मुख्य तथ्य विवरण (की फॅक्ट स्टेटमेंट) देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात व्याजासह सर्व शुल्के धरून वार्षिक दर दिलेला असतो. दोन बँकांची अशी विवरणे शेजारी ठेवून कशी वाचायची, हे शिकवणारा सल्लागार कमिशन घेत असला तरी त्याच्याविषयी शंका उरत नाही.

प्रश्न : दिवस आणि वेळ कोणती ठेवावी?

उत्तर : त्या पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी पाहावी; भोसरीत ती गुरुवारी असते. 11 आणि 20 या जीएसटी विवरणपत्रांच्या तारखांच्या आसपास, तसेच आगाऊ कर भरण्याच्या महिन्यांत 15 तारखेला कार्यक्रम ठेवू नये.

प्रश्न : सोलापुरात शेंगा चटणी, कडक भाकरी, शिवणकाम असे घरगुती उद्योग करणाऱ्या महिलांसाठी मी सत्र घेते. शुल्क देण्याची त्यांची ऐपत नाही. त्या ग्राहक होतील का?

उत्तर : लगेच होणार नाहीत, आणि त्या अपेक्षेने सत्र घेऊ नये. या भगिनींची पहिली गरज कर्ज नसून घरखर्च आणि धंदा यांचे हिशेब वेगळे करणे ही आहे. धंद्यासाठी वेगळे बँक खाते, रोजच्या विक्रीची वही आणि नोंदणी, एवढे एका दुपारी करून घ्यावे. उद्यम नोंदणी पूर्णतः मोफत आहे, हे ठासून सांगावे, कारण तिच्यासाठी पैसे उकळणारे पुष्कळ आहेत. जीएसटी नोंदणी नसलेल्या अनौपचारिक सूक्ष्म उद्योगांसाठी 2023 पासून उद्यम असिस्ट मंच आहे. तिथले प्रमाणपत्र प्राधान्य क्षेत्रातील कर्जासाठी ग्राह्य धरले जाते. सहा महिन्यांनी त्याच महिलांना वह्या घेऊन पुन्हा बोलवावे. जिची वही नियमित भरलेली असेल तिचा अर्ज बँकेपुढे नेण्याजोगा असतो, आणि तिच्याकडून माफक शुल्क घेण्यात तेव्हा काहीही गैर नाही.