आधी खांब, मग छप्पर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वेधशाळेवर घुमट करावा की सरकते छप्पर, घुमट फायबरचा असावा की पत्र्याचा, तो हाताने फिरवावा की मोटरने, या प्रश्नांनी तू पानेच्या पाने भरली आहेस. दुर्बीण ज्यावर उभी राहणार त्या खांबाविषयी मात्र एकही ओळ नाही. पैसे थोडे आहेत असे तूच लिहितेस. मग त्यांतला पहिला वाटा खांबाचा.

दोनशे पट वर्धन करणारी दुर्बीण हादराही तितकाच मोठा करून दाखवते. तुझ्या पावलाचा धक्का खांबापर्यंत पोहोचला की आयपीसमधले (डोळा लावायच्या भिंगातले) शनीचे कडे थरथरते, आणि छायाचित्र घेत असशील तर ताऱ्याचा ठिपका लांबट उमटतो. म्हणून पाया भुसभुशीत मातीच्या खाली घट्ट थर लागेपर्यंत खणावा, त्यात सळया बांधून काँक्रीट भरावे, आणि खोलीची जमीन त्या खांबाला कोठेही टेकू देऊ नये. सर्व बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटरची फट राहिलीच पाहिजे. मोठमोठ्या वेधशाळांतही दुर्बिणीचा खांब इमारतीपासून असाच अलग ठेवतात. माझ्याकडचा गवंडी खांब आणि जमीन एकदमच ओतू म्हणत होता, कारण त्याचे काम त्यात सोपे होत होते. मी काम थांबवले, आणि फट ठेवण्याचे त्याने कबूल केल्यावरच ते पुन्हा सुरू होऊ दिले. घरातल्यांना तो माझा हेका वाटला; मला तो आजही योग्यच वाटतो.

वर लोखंडी नळी बसवणार असशील तर ती जाड आणि रुंद घे आणि कोरड्या वाळूने भर, म्हणजे तिची थरथर लवकर विरते. काँक्रीटला पूर्ण ताकद येण्यासाठी साधारण 28 दिवस धरतात. तेवढा धीर धर. विजेच्या तारांची नळी मात्र जमीन ओतण्यापूर्वीच टाकून ठेव. तुझी दुर्बीण डॉब्सोनियन, म्हणजे जमिनीलगतच्या साध्या फिरत्या पेटीवर बसणारी, असेल तर खांब लागणारच नाही, पण तिच्याखालचा सपाट, पक्का चौथराही खोलीच्या जमिनीपासून वेगळाच हवा.

खांबाचे मोल मला फार उशिरा कळले, याची खंत आहे. उमेदीच्या वर्षांत जागाच नसल्यामुळे मी दर वेळी तिवई बाहेर काढत असे, माउंटचा, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या बैठकीचा, अक्ष खगोलीय ध्रुवाकडे, म्हणजे आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसते त्याकडे, वळवत असे, आणि तो जुळेपर्यंत ढग येत. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची अंशांत त्या जागेच्या अक्षांशाइतकी असते, तेव्हा कायमच्या खांबावर ही जुळणी एकदा नीट केली की पुढे क्वचितच हात लावावा लागतो. आकाश दर सेकंदाला 15 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकते. पक्क्या खांबावरचा माउंट त्याचा माग धरतो, डळमळत्या बैठकीवर महागातला माउंटही निकामी ठरतो. हे मी तुला पुन्हा सांगतो आहे, आणि याच पत्रात आणखी एकदा सांगणार आहे.

आता छप्पर. घुमटाची बाजू घ्यायचीच तर तो वारा आणि शेजारचा दिवा अधिक चांगला अडवतो. परंतु आतली उबदार हवा त्याच्या अरुंद झडपेतून बाहेर पडताना प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी हलते, आणि दिसते तेही आकाशाची एक पट्टीच. सरकते छप्पर पूर्ण आकाश देते आणि खोली लवकर निववते. अँगलच्या दोन समांतर पट्ट्या, त्यांवर खाचेची चाके, हलकी चौकट आणि बाहेरून पांढरा रंग दिलेला पत्रा एवढे पुरते. दोन गोष्टी विसरू नकोस: वाऱ्याने छप्पर उचलले जाऊ नये म्हणून चारही कोपऱ्यांत कड्या लाव, आणि छप्पर ओढण्यापूर्वी दुर्बीण आडवी झाली आहे याची खात्री करून घे. भिंती बुटक्या ठेवल्यास बिघडत नाही, पण क्षितिजालगतच्या दाट हवेतून चांगले काही दिसत नसल्याने क्षितिज दिसावे एवढ्यासाठी खांब उंचावू नकोस.

माझी वेधशाळा पाहून लोक ही तर शेड आहे म्हणतात, आणि घुमट नाही म्हणून हळहळतात. 13 मार्च 1781 रोजी खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने इंग्लंडमधल्या बाथ येथील आपल्या घरामागच्या बागेतून युरेनस शोधला, तेव्हा त्याच्या डोक्यावर छप्पर नव्हते. हाताशी होती ती स्वतः घडवलेली साडेसहा इंचांहूनही लहान आरशाची दुर्बीण, लाकडी बैठकीवर पेललेली. दुर्बिणीच्या वर काय आहे यापेक्षा तिच्याखाली काय आहे याची काळजी मी आयुष्यभर केली, ती हट्टापायी नव्हे.

तेव्हा आधी खड्डा खण. खांब वाळल्यावर त्यावर माउंट आणि दुर्बीण चढव, एखादा तेजस्वी तारा जास्त वर्धनाच्या आयपीसमध्ये आण आणि दुर्बिणीच्या नळीला बोटाने हलकी टिचकी मार. तारा एक-दोन सेकंदांत स्थिर झाला तर पुढचे काम हाती घे. नाही झाला, तर प्रथम माउंटचे बोल्ट तपास, मग माउंट बसवलेली खांबावरची पट्टी, मग जमिनीची फट कोठे बुजली आहे का ते पाहा, आणि दोष सापडेपर्यंत छपराचा एकही पत्रा विकत घेऊ नकोस.