वाचक विचारतात: नेम चांगला असून पण मी सारखा मरतो, असं का?

मागच्या अंकात स्क्वॉड या कॉम्प्युटरवरच्या ऑनलाइन युद्धाच्या गेमवर चार ओळी लिहिल्या होत्या, तर त्यावर एवढे प्रश्न आलेत की यावेळी बाकी सगळे गेम बाजूला ठेवून फक्त यावरच बसतोय. ज्यांनी तो मजकूर वाचला नाही त्यांच्यासाठी: कॅनडाच्या ऑफवर्ल्ड इंडस्ट्रीजचा गेम, डिसेंबर २०१५ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला (पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला) आला, पूर्ण व्हर्जन सप्टेंबर २०२० मध्ये. एका मॅचमध्ये ५० विरुद्ध ५०, आणि प्रत्येक बाजू नऊ-नऊ जणांच्या तुकड्यांमध्ये वाटलेली, या तुकडीला पण स्क्वॉडच म्हणतात. प्रश्न थोडे छाटलेत, राग नसावा.

प्रश्न: बीजीएमआयमध्ये माझा केडी (किती मारले भागिले किती वेळा मेलो) मस्त आहे, मित्रांमध्ये नेम माझाच भारी. स्क्वॉड घेतला तर दहा मिनिटं नुसतं पळायचं आणि मग कुठून तरी एक गोळी येते आणि खेळ खल्लास. कोणी मारलं ते पण दाखवत नाहीत. काय चुकतंय? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कोल्हापूर)

भावा, नेमाचं काही चुकत नाहीये, तू एकटा पळतोयस ते चुकतंय. या गेममध्ये किल फीड (कोणी कोणाला मारलं ती यादी) नाही, मारणाऱ्याचा रिप्ले नाही, शत्रूच्या डोक्यावर लाल नाव नाही, आणि आपल्याच माणसाला गोळी लागली तर तो खरंच पडतो, त्यामुळे समोर हललं की ट्रिगर ओढला ही सवय आधी सोड. बीजीएमआयमध्ये तू शेवटी उरायला खेळतोस, इथे तुझ्या टीमकडे तिकिटं, म्हणजे अख्ख्या टीमचे मिळून मोजके जीव असतात आणि ती संपली की हार. तू पडलास की लगेच मेलास असं नसतं, जमिनीवर पडून राहतोस आणि मेडिक आला तर उठतोस, तिकीट वाचतं. पण कंटाळून गिव्ह अप दाबलंस की तिकीट गेलं. नवीन पोरं इथेच घाई करतात, दोन मिनिटं छताकडे बघत पडून राहायचं त्यांच्या जिवावर येतं.

दुसरं म्हणजे तू दहा मिनिटं पळतोस म्हणजे तुमच्या जवळ स्पॉन पॉइंट (मेल्यावर परत उतरायची जागा) नाहीये. हा या गेमचा खरा गाभा आहे आणि यूट्यूबच्या क्लिपमध्ये हे कोणी दाखवत नाही कारण दिसायला बोअर आहे. स्क्वॉड लीडर, म्हणजे तुकडीचा म्होरक्या, रेडिओ ठेवतो, मग लॉजी म्हणजे सामानाच्या ट्रकमधून सामान आणायचं, त्या सामानातून हॅब बांधायचा, फावडं घेऊन खरंच खणत बसायचं, आणि तो उभा राहिला की अख्खी टीम तिथून उतरू शकते. शत्रू खूप जवळ आले तर हॅब बंद पडतो, रेडिओ खणून काढला तर वरून तिकिटं पण जातात. म्हणजे मॅच जिंकून देणारा माणूस बऱ्याचदा तो असतो ज्याने तासाभरात एक पण गोळी झाडली नाही, नुसता ट्रक घेऊन मेन बेस ते पुढची जागा अशा फेऱ्या मारल्या. लॉजीवाला म्हणजे लग्नातला वाढपी, त्याचं कौतुक कोणी करत नाही पण तो नसेल तर पंगतच बसत नाही. पुढच्या मॅचला तू स्वतःहून म्हण, लॉजी मी चालवतो. दोन गोष्टी होतील, तुला मॅप पाठ होईल आणि स्क्वॉड लीडर तुला नावाने ओळखायला लागेल.

तिसरं, झेंडे, म्हणजे मॅपवरच्या काबीज करायच्या जागा, क्रमाने घ्यावे लागतात. शत्रूचा शेवटचा झेंडा दिसतोय म्हणून एकटा तिकडे धावलास तर तो घेताच येत नाही, मग तू तिथे काय करतोयस हा प्रश्न तुझ्या स्क्वॉड लीडरला पण पडलेला असतो.

प्रश्न: मला इंग्रजी बोलायला जमत नाही. माईक चालू करायची भीती वाटते. न बोलता खेळता येईल का? (परभणी)

न बोलता खेळता येईल, पण मग हा गेम कशाला, सरळ दुसरा खेळ. आणि खरं सांगू, इथे लागणारं इंग्रजी म्हणजे पंचवीस-तीस शब्द आहेत. खाली स्क्रीनवर कंपास असतो, त्यावरचा आकडा वाचायचा, अंतर अंदाजे सांगायचं, काय दिसलं ते सांगायचं. "कॉन्टॅक्ट, टू फोर झीरो, हंड्रेड मीटर, टू मेन, वॉल." झालं. यात व्याकरण कुठाय? जर्मनीचा, फिलिपिन्सचा, सौदीचा सगळे असंच बोलतात. उलट फाडफाड इंग्रजी येणारा "अरे तो बघ तिथे, झाडाच्या मागे, नाही नाही दुसऱ्या झाडाच्या" छाप इंग्रजी बोलत राहतो आणि तेवढ्यात तिघं मरतात. "तिथे" हा शब्द या गेममध्ये बंद, आकडा सांगा.

तीन चॅनेल असतात ते नीट समजून घे, नाहीतर गोंधळ. व्ही दाबलं की जवळपासच्या माणसांना ऐकू जातं, बी म्हणजे आपल्या स्क्वॉडला, जी म्हणजे स्क्वॉड लीडर लोकांचं आपसातलं. लीडरच्या कानात तिन्ही एकदम चालू असतात, म्हणून तो बोलत असताना जेवणाचा विषय काढू नये एवढं पाळ. मेडिक घे सुरुवातीला, बोलायचं कमी पडतं आणि सगळे तुलाच शोधत येतात.

प्रश्न: मी मुलगी आहे, आवाज ऐकला की लगेच फालतू कमेंट सुरू होतात. (पुणे)

हा त्रास खरा आहे आणि "दुर्लक्ष कर" असलं उत्तर मी देणार नाही. स्क्वॉडचे बरेच सर्व्हर कंपनी नाही, खेळाडूंचे ग्रुप चालवतात आणि त्यांचे अ‍ॅडमिन मॅचमध्ये हजर असतात, त्यामुळे तक्रार खरंच कोणीतरी वाचतो. त्या माणसाला म्यूट कर, अ‍ॅडमिनला नाव कळव, आणि लीडर गप्प बसून ऐकत असेल तर स्क्वॉड सोड, दुसरा पकड. एक-दोन सर्व्हर ठरवून तिथेच जात राहिलीस तर ओळखीचे लोक होतात, मग हे बरंच कमी होतं. ज्या सर्व्हरवर अ‍ॅडमिनच दात काढतो तिथे परत जायचं नाही.

प्रश्न: मी सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नातू हा खेळ खेळताना ओरडत असतो, सप्रेस कर, फ्लँक कर. माझं कुतूहल असं की यात खऱ्या सेक्शनच्या कामाचं किती आहे आणि नाटक किती? (सातारा जिल्हा)

सुभेदारसाहेब, खरं तर हे तुम्ही मला सांगायला पाहिजे, पण विचारलंत तर माझ्या परीने सांगतो. आपल्याकडे सेक्शन दहा जणांची, हवालदाराच्या हाताखाली. गेममधली तुकडी नऊ जणांची आहे, अमेरिकन रायफल स्क्वॉडसारखी, एक लीडर आणि चार-चारच्या दोन फायरटीम. नातू जे ओरडतोय ते तुमचंच फायर अँड मूव्ह आहे, अर्धे जण गोळीबार करून समोरच्याचं डोकं खाली ठेवणार आणि अर्धे बाजूने सरकणार. सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर तर जवळून गोळ्या गेल्या की स्क्रीन धूसर व्हायला लागली, नेम हलायला लागला, धावत येऊन लगेच अचूक गोळी मारता येईना. त्यावरून खेळाडूंमध्ये जाम भांडणं झाली, जुने नेमबाज चिडले. माझं मत विचाराल तर गेम तेव्हापासून सुधारला, कारण सप्रेस करणाऱ्या एलएमजीवाल्याला (हलकी मशीनगन चालवणाऱ्याला) किंमत आली.

नाटक कुठे आहे तर पाठीवरचं वजन नाही, तहान नाही, रात्रभर डास चावत नाहीत, आणि मेडिकने बँडेज बांधलं की माणूस मिनिटभरात उठून पळतो. मेलेला परत येतो हे तर सगळ्यात मोठं नाटक, त्यामुळे इथे लोक जी हिंमत दाखवतात ती फुकटची असते. पण एक गोष्ट तुम्हाला आवडेल. या जातीचे गेम सैन्यांनी खरंच वापरलेत. चेक कंपनी बोहेमियाचा ऑपरेशन फ्लॅशपॉइंट २००१ मध्ये आला, त्याच मुशीतून व्हीबीएस नावाचं ट्रेनिंग सॉफ्टवेअर निघालं आणि ते अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन सैन्याने घेतलं. ते नेमबाजी शिकवायला नव्हे, ताफा कसा चालवायचा, रेडिओवर कसं बोलायचं, हुकूम खालपर्यंत कसा पोचवायचा यासाठी. उलटी बाजू पण आहे, अमेरिकन आर्मीने ४ जुलै २००२ ला स्वतःचा फुकट गेम काढला होता, अमेरिकाज आर्मी, तो सरळ भरतीच्या जाहिरातीसाठी. वीस वर्षं चालवून २०२२ मध्ये बंद केला.

एकदा नातवाच्या शेजारी बसून त्याला फक्त एवढं विचारा, तुझा डावा हात आत्ता कोण सांभाळतोय? बघा कसा गडबडतो.

प्रश्न: मुलगा दहावीत आहे. जेवायला हाक मारली की "मॅच चालू आहे" एवढंच. आणि असे गेम सरकारने बंद केले ना आता? (नाशिक)

ताई, ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंद केले ते पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम. गेम विकत घेऊन खेळणं त्यात येत नाही. हाकेचं म्हणाल तर मुलगा बहाणा करत नाहीये, एक मॅच तासभर सहज चालते, पॉझ नसतो, आणि तो मधेच उठला तर बाकीच्या आठ जणांचा मेडिक गायब होतो. त्यामुळे पाच मिनिटांत ये असं म्हणून उपयोग नाही, मॅच सुरू व्हायच्या आधी ठरवा की आज एकच, आणि ती अमुक वाजता सुरू होईल. पण हे मी त्याची बाजू घेऊन बोलतोय असं नाही. दहावीच्या वर्षात आठवड्याच्या मधल्या दिवशी हा गेम बसतच नाही, कारण एक मॅच हरली की दुसरी लावाविशी वाटते आणि रात्रीचे बारा कधी वाजले कळत नाही. शनिवार-रविवार ठेवा. आणि हेडफोन काढायला लावून एकदा दहा मिनिटं स्पीकरवर ऐका, अनोळखी मोठी माणसं काय भाषेत बोलतात ते कळेल. गोळ्यांपेक्षा मला त्याचीच काळजी जास्त वाटते.

प्रश्न: मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर विमान पाडतानाचा व्हिडिओ आला, मुलगी म्हणाली हा गेम आहे. खरं वाटेना. (ठाणे)

मुलगीच बरोबर असणार. ते बहुतेक आर्मा ३ असतं, २०१३ चा गेम, पण त्यात रडार, मिसाइल, विमानं सगळं आहे आणि खेळाडू त्यात वाटेल ती मोड्स (स्वतः केलेले बदल) टाकतात. मे २०२५ मध्ये त्याच्या क्लिप दोन्ही बाजूंनी खऱ्या म्हणून फिरल्या. त्याआधी सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीरवर हल्ला म्हणून आपल्याकडच्या काही न्यूज चॅनेल्सनी पण याच गेमचं फुटेज दाखवलं होतं, त्यामुळे सोसायटीच्या काकांना फार बोलू नका. युक्रेन युद्धात हे इतकं वाढलं की नोव्हेंबर २०२२ मध्ये बनवणाऱ्या कंपनीलाच, म्हणजे वर सांगितलेल्या बोहेमियालाच, ओळखायच्या खुणा जाहीर कराव्या लागल्या. व्हिडिओ मुद्दाम अस्पष्ट असतो, कॅमेरा हलता, बऱ्याचदा रात्र, आवाज नाही नाहीतर विचित्र. आणि माणसं दिसत नाहीत, कारण गेममध्ये गाड्या खऱ्या वाटतात पण माणसं हलली की पोल उघडी पडते. धूर आणि स्फोट नीट बघा, ते पण नकली दिसतात.

प्रश्न: त्याच गेमच्या लोकांना हेरगिरीसाठी अटक झाली होती म्हणे? (चिंचवड)

हो, खरंय. सप्टेंबर २०१२ मध्ये बोहेमियाचे दोन जण ग्रीसच्या लेमनॉस बेटावर पकडले गेले, लष्करी जागांचे फोटो घेतले असा आरोप. गेमचा मॅप त्याच बेटावर बेतलेला होता. ते सुट्टीवर गेलो होतो म्हणाले, तरी जानेवारी २०१३ पर्यंत आत होते, मग जामीन. नंतर गेममधल्या बेटाचं नाव बदलून आल्टिस केलं.

प्रश्न: लॅपटॉप जुना, ग्राफिक्स कार्ड नाही. काही सोय? (गोंदिया)

स्क्वॉड विसर, पैसे वाया घालवू नकोस. प्रोजेक्ट रिअ‍ॅलिटी उतरवून बघ. २००५ च्या बॅटलफील्ड २ वर केलेलं मोड, आता मूळ गेम नसला तरी चालतं आणि फुकट आहे. स्क्वॉड बनवणारे बरेच जण तिथूनच आले, म्हणून रेडिओ, तिकिटं, स्क्वॉड लीडरची आरडाओरड हे सगळं तिथे आधीच होतं. ग्राफिक्स वीस वर्षं जुने दिसतात कारण ते आहेतच.

प्रश्न: माझं फायबर ३०० एमबीपीएस आहे तरी पिंग शंभरच्या वर, कंपनीवाले ऐकत नाहीत. (पणजी)

एमबीपीएस आणि पिंगचा इथे संबंध नाही रे, पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेघेत ३९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन कमीत कमी ३९ मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेघेत नसते, मधे राउटर असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा वाढतोच. तू युरोपच्या सर्व्हरवर जात असशील तर शंभरच्या वर येणारच, कंपनीवाल्याने डोकं आपटलं तरी. सर्व्हर लिस्ट पिंगप्रमाणे लाव, आणि वायफाय सोडून केबल जोड. बाकी या गेममध्ये ऐंशी-नव्वद पिंगवर आरामात खेळता येतं, हे काही काउंटर-स्ट्राइक नाही.

प्रश्न: मॅपच्या यादीत "कोकण" दिसलं, खरंच आपलं आहे का? (रत्नागिरी)

नाही हो, तो अफगाणिस्तानातला आहे, अफूची शेतं आणि मातीच्या भिंती. आंबा-काजू काही नाही. पण मॅप चांगला आहे, तुकडी नवीन असेल तर तिथे भिंतीच्या आडोशाने सरकायची प्रॅक्टिस मस्त होते, फक्त शेतातून उभ्याने पळू नका.