पावती कुणाच्या नावावर फाटली?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

मेल मिळाली, आयर्लंडवरच्या प्रबंधाचा आराखडाही दोनदा वाचला. सप्टेंबरात डब्लिनला निघायचं म्हणतेस, म्हणजे हाताशी फार दिवस नाहीत. कौतुकाचं काय ते तू घरी आलीस की चहाबरोबर बोलू. आज खटकलं तेवढंच लिहितो.

खटकला तो आलेख. १८१४ ते १८३६, वर्षाला किती खून, किती जाळपोळी, किती धमकीपत्रं, आणि रेघ आपली वर वर चाललेली. खाली तुझं वाक्य: ‘ग्रामीण अशांतता वाढत गेली, त्यामुळे पोलीसदल उभारावं लागलं.’ वाचून मला हसू आलं. तुला नाही, मलाच. विषय वेगळा होता, पण माझ्या प्रबंधात मी असाच आलेख काढला होता, ग्राफपेपरवर, लाल शाईने. गुरूंनी कागद उभा धरला, आडवा धरला आणि विचारलं, “गुन्हे वाढले, की गुन्हे लिहून घेणारे वाढले?” मला उत्तर आलं नाही. सात महिन्यांचं काम त्या एका वाक्यात गेलं.

तुझ्या आयर्लंडचंच बघ. १८१४ आधी खेड्यात पोलीस म्हणजे बॅरनीचा कॉन्स्टेबल. बॅरनी साधारण आपल्या तालुक्यासारखी. हे लोक जमीनदारांच्या ग्रँड ज्युरीने नेमलेले, अर्धवेळ, बरेचसे वय झालेले. रात्री कुणाच्या गायीच्या पायाची शीर कापली तर हा बाबा उठून जाणार, पंचनामा करणार, डब्लिनला कळवणार? शक्यच नाही. मग १८१४ मध्ये आयर्लंडचा मुख्य सचिव रॉबर्ट पील आपलं ‘पीस प्रिझर्व्हेशन’ दल आणतो, १८२२ मध्ये बॅरनीवार कॉन्स्टेबल नेमले जातात, १८३६ मध्ये सगळं एका दलात गुंफून डब्लिन कॅसलच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या तिथल्या मुख्य कचेरीच्या, हाताखाली जातं. ठिकठिकाणी चार-पाच जणांची बराक, आणि प्रत्येक बराकीत लिहिणारा कुणीतरी. रेघ चढणार नाही तर काय होईल? अशांतता नव्हतीच असं मी म्हणत नाही. खूप होती. पण तुझी रेघ ती मोजत नाही, शाई मोजते.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की गुन्ह्यापासून सुरुवात करू नकोस, पैशापासून कर. कुठलाही कागद हातात आला की आधी विचार, या भानगडीची पावती कुणाच्या नावावर फाटणार होती?

पीलचा कायदा या नजरेने वाच. एखाद्या भागात शांतता राहिलेली नाही असं जाहीर झालं की तिथे मुख्य दंडाधिकारी आणि त्याची तुकडी जायची, आणि तिचा खर्च त्याच भागाच्या डोक्यावर बसायचा. पहिला मान टिपेररी परगण्यातल्या मिडलथर्ड बॅरनीला मिळाला आणि रिचर्ड विलकॉक्स हा तिथला पहिला अधिकारी. कराचा पैसा निघायचा जमीन कसणाऱ्याच्या खिशातून, पण जमीनदारालाही झळ लागायचीच, कारण कर भरून कुळाकडे खंडाला उरणार काय? पीलचा हिशेब तोच होता. तिथले जमीनदार आणि दंडाधिकारी स्वतः काही करत नाहीत, जरा खुट्ट झालं की सरकारकडे धावतात. खिशाला चाट बसली म्हणजे हलतील. झालं उलटंच. ही मंडळी पीलर, म्हणजे पीलचे पोलीस, मागायला कां-कूं करू लागली आणि त्याऐवजी लष्कर मागू लागली, बंडविरोधी कायदा लागू करा म्हणू लागली. त्या कायद्यात सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत घराबाहेर सापडलेल्या माणसाला ज्युरीशिवाय सात वर्षांसाठी समुद्रापार धाडता येत होतं, आणि त्याचं बिल बॅरनीला येत नव्हतं! सरकारलाही हे उमगलं असावं, कारण १८१७ मध्ये पोलिसांच्या खर्चातला वाटा सरकारने उचलायची सोय केली गेली.

आता त्या काळची दंडाधिकाऱ्यांची पत्रं तू वाचणार आहेस. ‘परगणा पेटला आहे’, ‘कुणाचाही जीव सुरक्षित नाही’ अशी भाषा पानोपानी भेटेल. पत्र शेवटच्या परिच्छेदापासून वाचायला घे. तिथे मागणी असते. पलटण हवी असेल तर वरचा वणवा मोठा असतो. ही युक्ती मी फुकट देतोय, मला तिला सात महिने लागले होते.

दुसऱ्या बाजूची पावती म्हणजे दशांश. पिकाचा दहावा हिस्सा सरकारमान्य प्रॉटेस्टंट चर्चला द्यायचा, आणि देणारे बहुतेक कॅथलिक. याबद्दल तू पानभर लिहिलंस, चांगलं लिहिलंस, पण धर्माशी थांबलीस. पुढे जा. १८२३ पर्यंत गवताळ कुरणं या वसुलीतून जवळजवळ सुटलेली होती. म्हणजे शेकडो एकरांवर बैल चारणारा बडा शेतकरी मोकळा, आणि मन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रांतात पाव एकरात बटाटा लावणाऱ्याकडून बटाट्याचाही दहावा हिस्सा. १८२३ च्या कायद्याने दशांशाची रोख रक्कम ठरवायची सोय केली आणि त्यात कुरणंही आली. गरिबाचा बोजा थोडा हलका झाला, बड्याच्या नावावर पहिल्यांदा पावती फाटली. सात-आठ वर्षांनी दशांशाविरुद्धचा लढा पेटतो तेव्हा त्यात घोड्यावरून येणारे शेतकरी दिसतात ते कशामुळे, हे आता तुझं तूच लिही.

त्यातच १८१५ ला वॉटर्लू झालं, नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपलं आणि धान्याचे भाव कोसळले. खंड मात्र युद्धकाळातल्या चढ्या भावाचाच. पश्चिम लिमरिकमध्ये कोर्टनी जहागिरीवर अलेक्झांडर हॉस्किन्स नावाचा कारभारी थकबाकीच्या मागे हात धुऊन लागला. १८२१ च्या जुलैत त्याच्या मुलाला गोळी घातली गेली आणि तिथून ‘कॅप्टन रॉक’ हे नाव मन्स्टरभर पसरलं. कॅप्टन रॉक असा कुणी एक माणूस नव्हता. ते सहीचं नाव होतं.

त्या सहीची पत्रकं नीट बघ. चर्चच्या दारावर रात्री चिकटवलेली, खाली कधी शवपेटीचं चित्र. आराखड्यात तू त्यांना नुसतं ‘धमकीपत्रं’ म्हणून मोजलंस. वाचशील तेव्हा लक्षात येईल की अर्धी पत्रकं दरपत्रकं आहेत: एकराला अमुकपेक्षा जास्त खंड देऊ नये, दशांश इतकाच द्यावा, हुसकावलेल्या कुळाची जमीन दुसऱ्याने घेऊ नये. भाषा कोर्टाच्या नोटिशीची, ‘हुकूमावरून’ वगैरे. घरात आयरिश बोलणाऱ्या लोकांची पत्रकं इंग्रजीत, कारण लिहिणारा बरेचदा गावठी शाळेचा मास्तर. स्पेलिंग कानाला ऐकू येईल तसं. त्या स्पेलिंगला हसून पोलिसांनी मजकूर सोडून दिला. तू तसं करू नकोस.

क्लेअर परगण्याचं एक दृश्य मला फार आवडतं. १८३१ च्या सुरुवातीचे महिने. शेकडो माणसं कुदळ-फावडी घेऊन कुरणावर येतात आणि हिरवंगार गवत मुळासकट उलथून टाकतात. चोरी नाही, मारामारी नाही. कुरण खणलं की ते चराईच्या कामाचं राहत नाही, मालकाला ते बटाट्यासाठी हंगामी खंडाने द्यावं लागतं. ‘टेरी ऑल्ट’ या नावाने हे चालायचं. पोलिसांच्या तक्त्यात ते ‘मालमत्तेचं नुकसान’ या रकान्यात पडतं. तुझ्या तक्त्यातही तिथेच पडलंय.

लांबवत नाही, पण कॅरिकशॉकवर तू दोन ओळी लिहिल्यास, त्या पुरणार नाहीत. १४ डिसेंबर १८३१, किलकेनी परगणा. नॉकटोफरचे रेव्हरंड हॅमिल्टन यांच्या दशांशाच्या थकबाकीचे समन्स बजावायला एडमंड बटलर नावाचा बेलिफ निघाला होता आणि त्याच्या संरक्षणाला जेम्स गिबन्स हा अधिकारी अडतीसेक पोलीस घेऊन. चर्चच्या घंटा वाजल्या, शेतं रिकामी झाली. पोलीस एका बोळात शिरले. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मध्ये गाडीवाट. गर्दीचं मागणं एकच, बटलरला आमच्या हवाली करा. पोलिसांकडे कार्बाइन (आखूड बंदुका) होत्या, पण त्या एका बाराच्या. बार उडाला की पुन्हा भरायला वेळ हवा आणि रेटारेटीत हातभर जागा हवी. दोन्ही नव्हतं. काही मिनिटांत सतरा माणसं मेली, त्यात गर्दीतली फक्त तीन. बटलर गेला, गिबन्सही गेला. पुढे खटले झाले, आरोपींच्या बाजूने कॅथलिकांचे पुढारी आणि वकील डॅनिएल ओकॉनेल उभे राहिले, आणि शिक्षा एकालाही झाली नाही. साक्ष देणार कोण?

त्या बोळाची रुंदी शोध. तिथे जाऊन पावलांनी मोज. तुझ्या प्रकरणाला ती दहा संदर्भांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आणि दुसरी बाजू झाकू नकोस. तुझ्या लिखाणात शेतकऱ्यांविषयी जिव्हाळा आहे, असू दे, पण लाऊथ परगण्यातलं वाइल्डगूस लॉज तू गाळलंस. एडवर्ड लिंच नावाच्या शेतकऱ्याने घरावर शस्त्रांसाठी धाड घालणाऱ्यांविरुद्ध साक्ष दिली, तिघे फासावर गेले. १८१६ च्या ऑक्टोबरअखेर रात्री जमावाने त्याचं घर पेटवलं. आत आठ जण होते, एक तान्हं मूल होतं. एकही वाचला नाही. लिंच कॅथलिकच होता. मग सरकारने अठरा जणांना फाशी दिलं, काहींची प्रेतं त्यांच्याच गावाजवळ पिंजऱ्यात टांगून ठेवली. त्यातला पॅट्रिक डेव्हन शाळामास्तर होता. पावतीच्या हिशेबात हे बसत नाही, आणि तू ते बसवायचा प्रयत्नही करू नकोस. कॅप्टन रॉकच्या काळात १८२५ साली प्रॉटेस्टंटांचा नायनाट होणार अशी पास्तोरिनी या टोपणनावाने लिहिणाऱ्या कॅथलिक बिशपची भाकितं गावोगाव वाचली जायची, तीही नुसत्या खंडाच्या भावातून उगवत नाहीत. तुझ्या सूत्राबाहेर जे उरतं त्याला वेगळं प्रकरण दे.

शेवटचं प्रकरण कुठे थांबवू, असं विचारलंस. १८३६ ला थांबू नकोस, दोन वर्षं पुढे जा. १८३२ मध्ये सरकारने थकलेला दशांश स्वतः वसूल करायला घेतला आणि वसुलीपेक्षा वसुलीचा खर्च जास्त झाला. गुरांवर जप्ती यायची तर लोक त्यांना दिवसभर कुलूपबंद ठेवायचे आणि अंधार पडला की चरायला सोडायचे, कारण बंद दारातून किंवा रात्री जप्ती करता येत नव्हती. (माझे आजोबा सावकाराच्या जप्तीच्या आदल्या रात्री बैलजोडी मामाकडे पोचवायचे, ते मला इथे हटकून आठवतं.) जप्त झालीच, तर लिलावात कुणी बोली बोलायचं नाही. १८३४ च्या डिसेंबरात कॉर्कमध्ये रॅथकॉर्मॅकजवळ एका विधवेच्या चाळीस शिलिंगांसाठी पायदळ आणि घोडदळ आलं, आणि डझनभर तरी माणसं गोळ्यांना बळी पडली. चाळीस शिलिंग! १८३८ मध्ये दशांश पाव हिश्श्याने कमी करून जमीनदाराच्या नावावर चढवला गेला. जमीनदाराने तो खंडात घातला. पावती तीच, मथळा बदलला. तिथे थांब.

तुझा भारतावरचा परिशिष्टाचा बेत चांगला आहे, पण तो परिशिष्टच राहू दे. धागा खरा आहे: चार्ल्स नेपियरने १८४३ नंतर सिंधमध्ये आयरिश नमुन्यावर पोलीस उभे केले, त्यावरून मुंबई इलाख्यात १८५३ मध्ये सुधारणा झाल्या, आणि १८६१ च्या पोलीस कायद्यात अशांत भागावर जादा पोलीस बसवून खर्च तिथल्या रहिवाशांकडून घ्यायचं कलम आलं. १८९७ मध्ये रँडच्या खुनानंतर पुण्याने असाच जादा पोलिसांचा भुर्दंड भोगला. मिडलथर्ड ते पुणे एवढं चार पानांत मांड. १८७५ च्या सुप्याच्या दंग्याशी तुलना करायचा मोह होईल. तिथे लोकांनी सावकारांची कर्जखतं जाळली, इथे समन्सचा कागद हिसकावला, हे साम्य दिसतंच. पण सुप्यात सावकार होता आणि इथे चर्च, हे विसरून चालणार नाही.

कागदांचं म्हणशील तर १९२२ च्या आगीत डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दप्तर जळालं, हे ऐकून घाबरू नकोस. मुख्य सचिवांचे कागद डब्लिन कॅसलमध्ये होते म्हणून वाचले, आता ते बिशप स्ट्रीटच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि बऱ्याच वर्षांची सूची घरबसल्या बघता येते. दशांशाच्या आकारणीची पुस्तकंही ऑनलाइन आहेत: टाउनलँड (जमिनीचा सगळ्यात लहान विभाग), कसणाऱ्याचं नाव, क्षेत्र, रक्कम. आपल्या सातबाऱ्याचा दूरचा भाऊच म्हण. निघण्याआधी एक काम कर. नॉकटोफरचं पुस्तक उघड, त्यात कुणाच्या नावावर किती रक्कम आहे ते उतरवून काढ, आणि कॅरिकशॉकच्या खटल्यांतली नावं त्यात सापडतात का बघ. सापडली तरी कळव, नाही सापडली तरी कळव. आलेख तूर्त बाजूला ठेव, फाडू नकोस. माझा मी फाडला होता, नंतर लागला.

रविवारी सकाळी घरी आहे.

तुझा,
सर