पेट्रोलियमची डिग्री की केमिकलची?

प्रश्न : तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे. जमिनीत अडकलेलं तेल रसायनं सोडून बाहेर काढतात, तेच शिकायचं म्हणते. परराज्यातल्या खासगी विद्यापीठात पेट्रोलियम इंजिनिअरिंगला घालावं का? जमिनीवर कर्ज काढावं लागेल. शिवाय तेल संपत चाललंय म्हणतात.
– एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : नमस्कार. जुन्या विहिरींचं तेल आटत चाललंय, म्हणून तर या विद्येला किंमत आहे. आधी तेल स्वतःच्या दाबाने वर येतं, मग पाणी सोडून रेटतात; तरी बहुतेक ठिकाणी निम्म्याहून जास्त खडकातच राहतं. साधं पाणी दाट तेलाला बगल देऊन पुढे पळतं, म्हणून त्यात पॉलिमर, म्हणजे लांबलचक साखळीसारख्या रेणूंचं रसायन, मिसळून ते घट्ट करतात. खडकाच्या छिद्रांत अडकलेले थेंब सोडवायला सर्फॅक्टंट. तुम्ही फवारणीच्या टाकीत स्प्रेडर टाकता ना, त्याच जातीचं रसायन. राजस्थानात बाडमेरच्या मंगला क्षेत्रात पॉलिमरचा असा वापर मोठ्या प्रमाणावर होतो.

आता लेकीला यातलं रोजचं काम सांगा. अंगठ्याएवढ्या जाडीचा खडकाचा तुकडा तेलाने भिजवायचा, त्यातून पंपाने द्रावण हळूहळू ढकलायचं आणि पलीकडच्या नळीत किती तेल उतरलं ते टिपत राहायचं. पाण्यातल्या क्षारांनी पॉलिमर पातळ पडला की मिश्रण बदलून पुन्हा पहिल्यापासून. यात चिकाटी लागते, हुशारी नंतर.

माझं मत स्पष्ट आहे : कर्ज काढू नका. रसायनं महाग, त्यामुळे तेलाचा भाव कोसळला की असे प्रकल्प आधी लांबणीवर पडतात. एप्रिल 2020 मध्ये तर अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदे बाजारातला भाव शून्याच्याही खाली गेला होता. अशा वर्षी नुसती पेट्रोलियमची डिग्री घेऊन बाहेर पडणाऱ्याचे हाल होतात. एमएचटी-सीईटी देऊन चांगल्या कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंग घ्या. पॉलिमर आणि सर्फॅक्टंट रंग, साबण, औषधं, शेतीची रसायनं सगळीकडे लागतात. चार वर्षांनंतरही ओढ टिकली तर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन धनबादच्या आयआयटीत पेट्रोलियममध्ये एमटेक करता येईल. जेईई अॅडव्हान्स्डमधून तिथेच बीटेकला नंबर लागला, तर मात्र पेट्रोलियम खुशाल घ्या.

तरीही त्या खासगी विद्यापीठात चौकशी करायचीच असेल, तर सगळ्यात मोठं पॅकेज विचारू नका. गेल्या तीन वर्षांत पेट्रोलियमच्या किती मुलांना तेल कंपनीतच नोकरी लागली, ते लेखी मागा.