आधी छेद घालवा, मग चल सुटा करा

तुम्ही दोन समीकरणं पाठवून विचारलंय की पहिल्यातून ब आणि दुसऱ्यातून क्ष कसा सुटा करायचा, म्हणजे एका बाजूला एकटा कसा आणायचा. तुमचं पहिलं समीकरण समांतर जोडणीतल्या रोधांचं आहे: १/र = १/अ + १/ब. यात अ आणि ब हे जोडलेले दोन रोध, आणि र हा त्यांचा मिळून होणारा रोध. यातून ब काढताना तुम्हाला ब = र − अ मिळालं. १/ब = १/र − १/अ इथपर्यंत सगळं बरोबर आहे. गडबड पुढच्या पायरीत आहे, कारण तिथे प्रत्येक पद वेगवेगळं उलटं केलंय. उलटं करायचं तर अख्खी बाजू एकदम उलटी करावी लागते. आकडे घालून बघा. ३ आणि ६ ओहम समांतर जोडले की १/३ + १/६ = १/२, म्हणजे र = २. तुमच्या सूत्राने ब येतो २ − ३ = −१, यायला हवा ६.

म्हणून माझा आग्रह असतो की सगळ्यात आधी छेद घालवावेत. इथे दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पदाला र·अ·ब ने गुणा:

अ·ब = र·ब + र·अ

आता अपूर्णांक उरलाच नाही. ब असलेली पदं एका बाजूला आणा: अ·ब − र·ब = र·अ. ब सामाईक काढा: ब(अ − र) = र·अ. शेवटी कंसाने भागा:

ब = र·अ/(अ − र)

पडताळा: २ × ३/(३ − २) = ६. समांतर जोडणीत र नेहमी अ पेक्षा लहानच असतो, त्यामुळे अ − र शून्य किंवा ऋण होण्याची भीती नाही.

तिरकस गुणाकार इथे सुरुवातीलाच का चालत नाही, हेही तुम्ही विचारलंय. दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तरच तो चालतो. उजवीकडे दोन अपूर्णांकांची बेरीज आहे. आधी ती (अ + ब)/(अ·ब) अशी एकत्र केलीत तर खुशाल करा.

दुसरं समीकरण, य = (२क्ष + ३)/(क्ष − ४), जरा फसवं आहे, कारण क्ष अंशातही आहे आणि छेदातही. वरचा-खालचा क्ष छाटायचा मोह होतो, पण छाटता येतो तो अवयव, बेरजेतलं पद नाही. छेदाने गुणताना कंस मात्र सोडू नका. य(क्ष − ४) च्या जागी य·क्ष − ४ असं लिहिणारे खूप दिसतात.

य·क्ष − ४य = २क्ष + ३
य·क्ष − २क्ष = ४य + ३
क्ष(य − २) = ४य + ३
क्ष = (४य + ३)/(य − २)

क्ष = ५ घेतला तर य = १३, आणि उलट ५५/११ = ५. जमलं.

अट एकच, य ≠ २. ती नुसती पाठ करू नका, मूळ समीकरणात य = २ ठेवून बघा: २क्ष − ८ = २क्ष + ३. दोन्हीकडचा २क्ष गेला की −८ = ३ उरतं, म्हणजे क्ष ची कुठलीही किंमत घेतली तरी य कधी २ होतच नाही.