तंबाखू ओढायचा नवा पाइप घेतलात? आधी ओळख होऊ द्या

हाताने घडवलेला ब्रायरचा पाइप आहे, तेव्हा पहिल्याच दिवशी काठोकाठ भरू नका. ब्रायर म्हणजे भूमध्य सागराकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी वाढणारी गाठ. उष्णता सोसते, पण कोऱ्या लाकडाला आच जपूनच द्यायची. वाटी (तंबाखू भरायचा भाग) अर्धीच भरा, झुरके सावकाश घ्या. वाटी गालाला टेकवून बघा. चटका बसला तर खाली ठेवा, विझली तर विझू द्या. हळूहळू आत काजळीचा थर धरेल. साधारण 1 मिलिमीटर पुरे, फार जाड झाला तर वाटी तडकायची भीती.

एक मात्र कटाक्षाने पाळा: पाइप गरम असताना तोंडाकडची नळी उपसू नका, सांध्याशी दांडा तडकतो. पूर्ण गार झाल्यावर हलकेच पिळत काढा, आतून क्लीनर (पाइप साफ करायची लवचीक काडी) फिरवा नि पुढचा दिवसभर पाइपला सुकू द्या.